मंगळावरचं पडकं शहर

शाल्मलीने टूथपेस्टचं शेवटचं टोपण पुठ्ठ्याच्या मनोऱ्यावर चिकटवलं आणि फासे मकरंदसमोर ठेवले. जेवणाच्या टेबलावर मंगळावरचं पडकं शहर उभं होतं. अंड्यांच्या ट्रेचे डोंगर, शांपूच्या बाटल्यांच्या टाक्या, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चंदेरी छपरं. केमोनंतर तिच्या बोटांना मुंग्या यायच्या, कटर हातातून निसटायचा. आई म्हणायची, "अगं, पडून राहा की जरा." ती पडून राहिली नव्हती.

कॉलेजपासून ती दोघं टेबलावर इवल्या सैनिकांच्या लढाया खेळत आली होती आणि मकरंदने तिला कधीच सवलत दिली नव्हती. आज मात्र त्याचा रणगाडा तिच्या मनोऱ्याच्या दारात पोचला आणि उगाचच मागे वळला.

"हे काय केलंस?"

"चुकलं गं. राहू दे."

"तू अशी चूक करत नाहीस, मक्या." तिने रणगाडा उचलून पुन्हा दारात ठेवला. "मला जपायला घरात माणसं कमी आहेत का? हे शहर मी लढायला बांधलंय. टाक फासे."

मकरंदने फासे खुळखुळवले आणि टाकले. दोन्हींवर सहा आले. मनोरा पडला, पाठोपाठ तिचे सगळे सैनिक गेले.

शाल्मलीने डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी तिला सरळ हरवलं होतं.

"रविवारी परत ये," ती म्हणाली. "आता किल्लाच बांधते. तो पाडून दाखव."