नाव तर घेतलं

कंपनी माणसं कमी करणार म्हणून मोठ्या साहेबांनी सॉफ्टवेअर विकणाऱ्या सगळ्यांना ऑनलाइन मीटिंगला बसवलं. बाभुळगावच्या घरात धम्मदीप जीव मुठीत धरून ऐकत होता. "आता मी नावं घेतो. धम्मदीप वानखडे..." साहेब म्हणाले आणि लाईन गेली. आली तेव्हा मीटिंग संपलेली. नाव ठेवायच्यांत घेतलं की काढायच्यांत, कोणास ठाऊक!

"इचारा ना कोनाले तरी," बायको म्हणाली.

"पागल झाली का वो? इचारलं आन् मले काढाचं राह्यलं हे त्याइच्या ध्यानात आलं, मंग?"

तोंडाला कुलूप लावून तो सॉफ्टवेअर विकायला कृषी केंद्रांच्या पायऱ्या झिजवत राहिला. फोन वाजला की आधी कंपनीचा तर नाही ना, ते बघायचा.

महिन्याभरानं वाजलाच. "मी नवी मॅनेजर बोलतेय. तुमच्या साहेबांनाही मीटिंगच्याच संध्याकाळी काढलं. त्यांनी घेतलेली नावं ठेवायची होती की काढायची, इथं कुणालाच माहीत नाही. वर विचारावं, तर माझंच नाव त्यांच्या ध्यानात यायचं! तुम्ही होतात ना मीटिंगला?"



"होतो ना, मॅडम. शेवटपर्यंत होतो. ठेवायचीच होती. माझं तर पहिलंच!"