रांजणातली बेडकं

"पाणी लई झालं."

भिंतीकडं तोंड करून पडलेली बायडाबाई बोलली. पाणी ओतणारा सटवाचा हात रांजणावरच थांबला. कार्तिकापासून त्याच्या बायकोनं चकार शब्द काढला नव्हता, आणि आता चैत्र सरत आला होता.

"काय म्हणलीस?"

"झाडावरलं बेडूक हाय ते. बुडून मरंल."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. सटवानं गुमान निम्मं पाणी उपसून टाकलं.

मानमोडीच्या तापाच्या साथीनं त्या साली निजामाची सगळी मोगलाई झोडपून काढली होती. धारूरच्या किल्ल्याखालच्या त्या धनगरवस्तीतली अकरा माणसं गेली. त्यात सटवाची तीन वर्षांची ठकी होती. बायडाबाईचा ताप उतरला, पण ती उठली नाही. माळवदाच्या झरोक्यातून उन्हाचा कवडसा खाली यायचा, जमिनीवरून सरकत भिंतीवर चढायचा आणि विझायचा. ती त्याच्याकडं बघत पडून राही. मेंढरांच्या घंट्या, बायांची बोलणी, सगळं तिला पाण्याच्या तळाशी बसून ऐकल्यासारखं लांबून येई. हकिमानं नाडी पाहिली आणि हात टेकले. "अंगात बुखार न्हाई. दवा कशाची देऊ?"

मग तलवाड्याहून, तिच्या माहेराहून निरोप आला. धाकटा भाऊ बंकट आखितीच्या सणाला गाडी घेऊन येणार होता. बहिणीला कायमची घेऊन जाणार होता. सटवानं खुशाल दुसरं लगीन करावं, त्यांची ना नव्हती.

निरोप ऐकून सटवा उठला आणि विहिरीवर गेला. येताना त्यानं कपारीतली दोन बेडकं आणली. वाळल्या पानाच्या रंगाची, बोटांच्या टोकांना गोल गोल गाद्या असलेली. काठ फुटलेल्या रांजणात त्यानं ती सोडली आणि रांजण बायडाबाई आणि भिंत यांच्या मधोमध ठेवला. माहेरी न्हाणीपाशी आपण असली बेडकं पाळली होती, हे लग्नाच्या पहिल्या साली तिनंच त्याला हसत हसत सांगितलं होतं.

पण सटवाचं सगळं चुकतच गेलं. रांजणाच्या तोंडावर त्यानं पितळी परात झाकली.

"वारा कुठून जाईल?" ती पुटपुटली. "वलं फडकं बांधा."

दुसऱ्या दिवशी त्यानं भाकरीचा चुरा टाकला.

"बेडूक भाकर खातंय व्हय? जितं किडं लागत्यात त्याला."

शेजारची चुलती साखराबाई दारातून हे बघायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची. "मेंढरं राखायची सोडून बेडकं कावून पायजेत ह्याला? बायकूपाठी ह्याचंबी डोकं गेलं." दुपारी बायडाबाईला डोळा लागला की सटवा रांजणाशी बसून हळूच काहीतरी खुडबुड करी. बेडकं मात्र मेली नाहीत.

एकदा त्यानं रांजण थेट कवडशात ओढला. तेव्हा ती कोपरावर उठली आणि त्याला रागं भरली. तिचा आवाज अजून झोपेतला होता, पण रोज थोडा जवळून येत होता. संध्याकाळी एक बेडूक गळा फुगवून टकटक करी, लाकडावर कुणी बोट वाजवल्यासारखं. ती कान देऊन ऐके आणि तिचे ओठ किंचित हलत.

आखिती दोन दिवसांवर आली. सटवा तंबाखू मळत होता. चुन्यानं माखलेला हात त्यानं तसाच रांजणात घातला.

"चुन्याचा हात!" बायडाबाई ताडकन उठून बसली. तिनं त्याचं मनगट धरलं. "अंग जळंल की वो त्याचं!"

मग ती भिंतीला धरून उभी राहिली. डोळ्यांपुढं अंधारी आली. सटवा जागचा हलला नाही. ती एकेक पाऊल टाकत परसात गेली. हात धुतले. ओच्यात वाळू आणली, करंजाची पानभरली फांदी आणली. रांजण रिकामा करून तिनं तळाला वाळू पसरली, वाळूवर चपटा दगड ठेवला, दगडाभोवती चार बोटं पाणी ओतलं, फांदी तिरकी टेकवली. बेडूक एकेक बोट चिकटवत वर चढलं आणि पानाआड अंग चोरून बसलं.

ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"ठकी अशीच निजायची," ती म्हणाली. "पाय पोटाशी घेऊन."

आणि ती रडली. ठकी गेल्यापासून पहिल्यांदाच. सटवा तिच्या शेजारी बसून राहिला. कवडसा भिंतीवर चढला, विझला. दोघांचंही तिकडं लक्ष नव्हतं.

आखितीला बंकटची गाडी दारात थांबली, तेव्हा बायडाबाई अंगणातला धोंडा उलथून किडे वेचत होती. बंकट जूवर हात ठेवून बघतच राहिला.

"ये, बस. भाकरी टाकते," ती म्हणाली. "अन् आता मी यायची न्हाई बग. तुझ्या दाजींना बेडकातलं कायबी कळत न्हाई. मी नसते तर दोन दिसांत मेली असती बिचारी."

ती आत गेली. चुलीतून धूर निघाला. बंकट सटवाकडं वळला.

"दाजी, पोरपणी मी दोन साल तुमच्यासंगं ह्याच डोंगरात मेंढरं राखायला आलतो. झाडावरली बेडकं कशी सांभाळायची, हे मला तुमीच तर शिकवलं!"

सटवानं चटकन दाराकडं पाहिलं.

"हळू बोल बे," तो म्हणाला. "तिला ऐकू जाईल."