बाकावरची बाई

निवृत्त झाल्यापासून प्रेबेन फोटोग्राफी शिकत होता. शिकत कसला, फोनवरच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपमध्ये पडीक असायचा. तिथल्या जाणत्यांनी त्याच्या डोक्यात एकच भरवलं होतं: फोटोत माणसाची गोष्ट हवी.

रविवारी स्वेंडबोर्ग बंदराच्या धक्क्यावर गोष्ट आयतीच सापडली. कडाक्याच्या थंडीत एक म्हातारी बाकावर एकटीच बसली होती, नजर समोर पाण्याकडे. प्रेबेन तिच्यासमोरच्या लाल होडीपुढे पोटावर आडवा झाला आणि तासाभराने दीडशे फोटो काढूनच उठला. घरी येऊन त्याने तिच्या शेजारची जाडजूड काळी पिशवी फोटोतून खोडली. एकटेपणात सामान शोभत नाही.

"अरे, पण त्या बिचारीशी दोन शब्द बोललास का?" बायकोने, गुद्रुनने विचारलं.

"कलाकाराने मध्ये पडायचं नसतं," प्रेबेन म्हणाला आणि 'एकटेपण' असं नाव देऊन त्याने फोटो ग्रुपवर टाकला.

अर्ध्या तासात बदामांचा खच पडला. कुणाला आई आठवली, कुणाचे डोळे भरून आले. प्रेबेनचे पाय जमिनीवर नव्हते. तेवढ्यात कुणा बिर्थेबाईंनी खाली लिहिलं, "बाकावरची ती मीच. पिशवीत माझा कॅमेरा होता. लाल होडीचा फोटो काढायला आले होते. तुम्ही पुढून हलाल म्हणून तासभर गारठत बसले. शेवटी तुम्ही मान खाली घालून काढलेले फोटो बघत होतात, तेव्हा आहे तसा काढला."

सोबत फोटो होता. होडी जेमतेम दिसत होती. बाकी सगळीकडे आडवा पसरलेला प्रेबेन आणि त्याची घसरलेली पँट.

फोटोला बाईंनी नाव दिलं होतं, 'गर्दी'.