नावाने शोधा

बाबा खलाशी होते. परमुलखात त्यांच्या बोटीला आग लागली आणि त्यांना तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. पुढे काय झालं, ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आई तर अजूनही 'बाबा होते' म्हणत नाही, 'आहेत' म्हणते.

आता त्या देशाने जुनी सरकारी कागदपत्रं नेटवर टाकली आहेत म्हणून मी रोज वाचनालयातल्या कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून बसते. आडनाव आधी टाकलं, नंतर टाकलं. स्पेलिंगमधला एक 'ए' काढला, परत घातला. उत्तर आपलं एकच: या नावाची नोंद नाही.

“अरे, माझा बाप तुमच्याच दवाखान्यात आणला होता ना!” मी स्क्रीनवरच खेकसले.

“ताई, ओरडून काय उपयोग?” ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या. “त्यांना मराठी कुठे कळतं!”

डोकंच फिरलं. मी नाव पुसून टाकलं आणि नुसतं बोटीचं नाव आणि आगीची तारीख टाकली. एकच कागद उघडला. बोट तीच, वय तेच, हनुवटीवरचा व्रणसुद्धा बाबांचाच. नाव तेवढं भलतंच! चरफडत मी ती परकी अक्षरं एकेक जुळवून मोठ्याने वाचली.



“नाव: आ-ई-गं. मृत्यूपर्यंत रुग्णाने हेच नाव सांगितले.”