मात्र

कायद्यावर लेख लिहिणारा धाकटा भाऊ निकाल वाचून हरखला होता. “ताई, ऐतिहासिक निकाल. निवारा हा मूलभूत हक्क, असं तुझ्याच अर्जावर म्हटलंय.” ताई पालिकेने पाडलेल्या घराची किल्ली बोटात फिरवत राहिली. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून तिला एवढं कळलं होतं: न्यायमूर्ती गोड बोलू लागले, की पुढे ‘मात्र’ येतो. “‘मात्र’ वाच.” “अगं, तत्त्व महत्त्वाचं.” “‘मात्र’ वाच.” त्याने घसा खाकरला. “मात्र घर आधीच पाडलेलं असल्याने अर्ज निरर्थक ठरतो.” “म्हणजे मी जिंकले?” “तत्त्वतः.” “मग राहायचं कुठे?” “त्यावर न्यायालयाने भाष्य टाळलंय.” “आणि तू?” भाष्यकाराने चष्मा पुसला. घर पाडल्यापासून ती त्याच्याच सोफ्यावर झोपत होती. तिने किल्ली निकालावर ठेवली. “तुझ्या त्या हक्काला दार असेल, तर ही लावून बघ. ऊठ, मला झोपायचंय.”