तू हवीस

गणपतीचा देखावा म्हटला की उदय महिना-महिना घरी फिरकायचा नाही. काळाचौकीचा मंडप हेच त्याचं घर. म्हणून लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ग्रीसला जाताना सुचित्राने बजावलं, "तिथे मंडळाचं नाव काढलंत तर बघा!" त्याने खरंच काढलं नाही. उलट तिथल्या डोंगरावरच्या पडक्या किल्ल्यात, कधी नव्हे ते, दिवसभर बायकोचेच फोटो काढत सुटला.

पण फोटो कसले, शिक्षाच ती! "चप्पल काढ. दरवाजाला टेकून उभी राहा. मान तिरकी करू नकोस गं!" तापलेल्या दगडांवर तिचे तळवे भाजत होते. "अहो, दोघांचा एक तरी काढू या," ती वैतागून म्हणाली, तर हा म्हणे, "माझं काय काम त्यात? तू हवीस."

तेवढ्या दोन शब्दांवर विरघळून ती प्रत्येक बुरुजापाशी अनवाणी उभी राहिली.

पुढे देखाव्याचं काम सुरू झालं, तेव्हा ती त्याचा डबा घेऊन मंडपात गेली. तिथे पत्र्यावर ओळीने तिचेच मोठ्ठाले फोटो! ती लाजली, मग जवळ जाऊन बघू लागली. प्रत्येक फोटोत तिच्या टाचेपासून डोक्यापर्यंत लाल रेघ मारलेली, शेजारी लिहिलेलं: पाच फूट एक इंच. आणि समोर प्लायवूडचा तोच किल्ला उभा राहत होता.



भिवा सुताराने करवत थांबवून काळजीने विचारलं, "वहिनी, फोटोच्या वेळी चप्पल नक्की काढली होती ना? नाहीतर आख्खा किल्ला चुकायचा."