नागपूर ते बंगळूर

"काहून धापा टाकून राहिला? बस," सामानाच्या ट्रॉलीवर बसलेले बाबा म्हणाले आणि सरकून त्यांनी निलयला जागा करून दिली.

बाबा न कळवता नागपूरहून बंगळूरला उतरले होते. त्यांचा फोन येताच निलय ऑफिसातून निघाला, पण शहर ओलांडून विमानतळावर पोचायला त्याला बाबांच्या विमानापेक्षा जास्त वेळ लागला.

"घरी चला ना, बाबा."

"नाही जमत. पाच वाजता परतीचं विमान हाय. मी फक्त अंतर मोजाले आलो."

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आणि नंतरच्या दोन्ही दिवाळ्यांना निलयने फोनवर एकच सांगितलं होतं: फार लांब पडतं गं, प्रवासातच जीव जातो.

"तुई माय साऱ्या गल्लीले तेच सांगत फिरते. मले शंका आली," बाबा म्हणाले. "पावणेदोन तास लागले. त्यातही मी झोपलो होतो. एवढ्या वेळात आपली एसटी वर्ध्याच्या पुढे जात नाही."

निलयला ट्रॉलीच्या चाकात अचानक फार रस वाटू लागला.

तेवढ्यात आईचा फोन आला. बाबांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"पोचले काहो? खरंच लांब हाय का?"

बाबांनी निलयच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं.

"लय लांब हाय व. मंधात दोनदा विमान बदलावं लागलं. माणूस अर्धा होते."

"पाहा! मी म्हणतच होती," आईचा आवाज एकदम खुलला. "लेकराले म्हणा, माह्यासाठी अशी दगदग करत येऊ नको."